डिस्नेची मोनोरेल, माथेरानचा दस्तुरी नाका आणि विरारची शेअर रिक्षा: हजारो पर्यटकांना फिरवण्याचं गणित नेमकं काय असतं?

मे महिन्यातला रविवार. विरार स्टेशनचा पश्चिमेकडचा भाग. लोकलमधून एक कुटुंब उतरतं. आईच्या खांद्यावर टॉवेल आणि कपड्यांची बॅग, बाबांच्या हातात डब्यांची पिशवी, पोराच्या हातात आत्तापासूनच हवा भरलेली ट्यूब आणि मागून सावकाश येणारी आजी. जायचंय अर्नाळ्याला. अंतर जेमतेम आठ-दहा किलोमीटर.

पण स्टेशनबाहेर आल्यावर खरा प्रवास सुरू होतो. बसची रांग कुठली? शेअर रिक्षा कुठून सुटते? पाच जणांना एकत्र बसता येईल का? येताना संध्याकाळी परतीचं काही मिळेल का?

अगदी हेच प्रश्न अमेरिकेतल्या फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्डला पोहोचलेल्या कुटुंबालाही पडू शकतात. तिथंही लहान पोरं, दमलेली आजी आणि जड बॅगा असतातच. फरक एवढाच की तिथं या प्रश्नांची उत्तरं शोधायला पगारी माणसं बसलेली आहेत.

मग एखाद्या प्रचंड मोठ्या थीम पार्कमध्ये माणसं इकडून तिकडे नेतात कशी? मोनोरेल, बस, बोट, रोपवे यांपैकी नेमकं भारी काय? आणि यातलं काय वसई-विरारसारख्या ठिकाणी लागू पडतं? एकेक मुद्दा बघूया.

आधी आकार समजून घ्या

एस्सेलवर्ल्ड किंवा इमॅजिकाला गेलेल्यांना वाटेल, पार्कमध्ये कसली आलीय वाहतूक? चालत फिरायचं. बरोबर आहे. २०१३ साली खोपोलीजवळ सुरू झालेल्या इमॅजिकात गेटातून आत शिरलं की एका राइडवरून दुसऱ्या राइडवर माणूस पायीच जातो.

वॉल्ट डिस्ने वर्ल्डचं प्रकरण मात्र वेगळं आहे. १ ऑक्टोबर १९७१ ला सुरू झालेलं हे रिसॉर्ट सुमारे १०० चौरस किलोमीटरवर पसरलंय. त्यात चार मोठी थीम पार्क, दोन वॉटर पार्क, कितीतरी हॉटेलं, तलाव आणि रस्ते आहेत. वसई-विरार महापालिकेचं क्षेत्र तीनशे चौरस किलोमीटरहून मोठं आहे. म्हणजे वसई, नालासोपारा, विरार आणि आसपासच्या गावांच्या एक तृतीयांश एवढं ते रिसॉर्ट, आणि सगळी जागा फक्त सुट्टीवर आलेल्या लोकांसाठी.

आता वसई-विरारकडे पर्यटकाच्या नजरेनं बघा. दक्षिणेला वसईचा किल्ला, पश्चिमेला राजोडी, कळंब, नवापूर, अर्नाळा अशी किनाऱ्याची पट्टी आणि तिथली रिसॉर्ट, समुद्रात अर्नाळ्याचा जलदुर्ग, पूर्वेला डोंगरावर जीवदानी आणि हायवेच्या बाजूला वॉटर पार्क. ठिकाणं एकमेकांपासून काही किलोमीटरवर आणि प्रत्येकाची वाट वेगळी. कुठे रस्ता, कुठे पायऱ्या, कुठे पाणी.

म्हणजे आकाराच्या हिशोबानं डिस्नेसमोर जो प्रश्न आहे, तोच इथंही आहे.

वेग नाही, 'तासाला किती माणसं?' हे विचारा

गाडी किती वेगानं पळते, हा आपला पहिला प्रश्न असतो. पार्क चालवणारे मात्र वेगळं विचारतात. एका तासात एका दिशेनं किती माणसं हलतील?

हिशोब सोपा आहे. एका वाहनात बसणारी माणसं गुणिले तासाला सुटणारी वाहनं.

समजा, ५० माणसांची बस दर पाच मिनिटांनी सुटते. तासाला १२ बस, म्हणजे ६०० माणसं.

६०० माणसांची मोठी बोट दर पंधरा मिनिटांनी सुटते. तासाला चार फेऱ्या, म्हणजे २,४०० माणसं.

३६० माणसांची मोनोरेल दर सहा मिनिटांनी येते. तासाला दहा गाड्या, म्हणजे ३,६०० माणसं.

दहा जणांची रोपवेची केबिन दर दहा सेकंदांनी सुटते. तासाला ३६० केबिन, म्हणजे पुन्हा ३,६०० माणसं.

आणि तीन प्रवाशांची रिक्षा दर अर्ध्या मिनिटाला भरून निघाली तर? तासाला १२० रिक्षा, म्हणजे ३६० माणसं.

शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. रोपवेची केबिन रिक्षापेक्षा फार मोठी नाही आणि फार वेगानंही जात नाही. पण ती थांबत नाही. एक गेली की दुसरी समोर हजर. म्हणून छोट्या केबिनचा रोपवे मोठ्या मोनोरेलच्या बरोबरीला येतो.

चालणाऱ्या माणसालाही कमी समजू नका. मीटरभर रुंदीच्या वाटेवरून मिनिटाला ३०-४० माणसं आरामात जातात. म्हणजे तासाला दोन हजारांच्या आसपास, तेही कुठलंच वाहन न वापरता. अंतर कमी असेल आणि वाटेत सावली असेल, तर सगळ्यात स्वस्त वाहतूक म्हणजे पाय.

पहिली युक्ती: गाडी बाहेरच ठेवा

डिस्नेनं फ्लोरिडात एक मजेशीर गोष्ट केली. तिथलं पहिलं पार्क, मॅजिक किंगडम, पार्किंगला लागून बांधलंच नाही. मध्ये एक मोठा कृत्रिम तलाव ठेवला. गाडी तलावाच्या अलीकडे लावायची आणि पलीकडे मोनोरेलनं किंवा बोटीनं जायचं.

यात दोन फायदे झाले. पार्कच्या दारात गाड्यांची कोंडी होत नाही. आणि तलाव ओलांडताना समोर किल्ला दिसायला लागतो, तेव्हाच माणसाची सहल सुरू होते. वाट बघण्याचा वेळ सहलीत जमा होतो.

ही कल्पना फार परदेशी वाटत असेल तर माथेरान आठवा. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची आणि पुढे पायी, घोड्यावर किंवा मिनी ट्रेननं बाजारात पोहोचायचं. नेरळ-माथेरानची गाडी १९०७ पासूनची. म्हणजे 'गाडी बाहेर, माणूस आत' हा नियम महाराष्ट्राला नवा नाही.

पण माथेराननं या नियमाची दुसरी बाजूही दाखवली. गाड्या बाहेर ठेवल्या तरी आतलं ओझं कुणीतरी उचलावंच लागतं. तिथं वर्षानुवर्षं माणसं हातरिक्षा ओढत राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हातरिक्षाची प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. पर्यटकाचा आराम कुणाच्या श्रमावर उभा आहे, हा प्रश्नही वाहतुकीच्या नियोजनात येतोच.

बोट: हळू जाते, पण गर्दी गिळते

डिस्नेच्या त्या तलावावरच्या मोठ्या फेरीबोटीत एका वेळी ६०० माणसं मावतात. मोनोरेल दिसायला भारी असली तरी तिच्यासाठी रांग मोठी असेल, तर बोटीनं जाणारा बऱ्याचदा आधी पोहोचतो. कारण बोट आली की रांगच्या रांग आत जाते.

मुंबईकरांना पार्कला बोटीनं जाण्याचं नवल नाही. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, पुढे १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम आलं. बोरिवलीकडून गोराई खाडी किंवा मालाडकडून मार्वे गाठायचं आणि बोटीत बसायचं, हा कितीतरी शाळांच्या सहलींचा ठरलेला क्रम होता. वसई-विरारकडची मंडळी भाईंदरला उतरून उत्तनमार्गे रस्त्यानं जायची. कोविडनंतर एस्सेलवर्ल्ड बंद झालं, पण नव्वदच्या दशकातल्या पोरांना राइडइतकीच ती बोटही आठवते.

वसई-विरारला तर पाण्याचा फायदा याहून मोठा आहे. वसई आणि भाईंदर खाडीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. तरी रस्त्यानं जायचं तर हायवेला जाऊन घोडबंदरजवळच्या वर्सोवा पुलावरून वळसा घ्यायचा, म्हणजे ३५ किलोमीटरहून जास्त अंतर. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली आणि तोच प्रवास पाण्यावरून काही मिनिटांचा झाला. रो-रो म्हणजे गाडी थेट बोटीवर चढवायची आणि पलीकडे थेट उतरवायची.

पर्यटकाच्या दृष्टीनं गंमत अशी की वसईची जेटी किल्ल्याला लागूनच आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला हा किल्ला. भाईंदरहून येणारा माणूस आज बोटीतून उतरतो तो जवळजवळ किल्ल्याच्या दारातच. डिस्नेनं तलाव खोदून जे साधलं, ते वसईला खाडीनं फुकटात दिलंय.

एप्रिल २०२५ मध्ये विरारच्या नारंगीहून पलीकडच्या जलसारला जाणारी रो-रोही सुरू झाली. रस्त्यानं सुमारे ६० किलोमीटरचा वळसा, पाण्यावरून दीड किलोमीटर. सफाळे, केळवे भागात जाणाऱ्यांना याचा उपयोग.

बोटीच्या मर्यादाही आहेत. भरती-ओहोटी, खाडीतला गाळ आणि पावसाळ्यातला वारा यांच्या वेळापत्रकापुढे बोटीचं वेळापत्रक चालत नाही. अर्नाळ्याचा किल्ला तर बेटावरच आहे. तिथं राहणाऱ्या गावकऱ्यांसाठी बोट ही सहल नसते, तो रोजचा रस्ता असतो. सुट्टीच्या दिवशी त्याच बोटीला पर्यटकांची रांग लागते.

मोनोरेल: पार्कात चालते, मग मुंबईत का अडखळली?

मोनोरेल आणि थीम पार्क हे नातं जुनं आहे. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९५९ पासून ती धावतेय. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये तिचा मार्ग सुमारे २४ किलोमीटरचा आहे. जपानमध्ये टोकियो डिस्ने रिसॉर्टची मोनोरेल २००१ मध्ये सुरू झाली. लोकलसारख्या ट्रेननं माइहामा स्टेशनला उतरायचं आणि शेजारून मोनोरेल पकडायची. पाच किलोमीटरचा गोल मार्ग, चार स्टेशनं. विशेष म्हणजे तिथं मोनोरेलचं वेगळं तिकीट काढावं लागतं.

आता मुंबईकडे या. २ फेब्रुवारी २०१४ ला चेंबूर ते वडाळा मोनोरेल लोकांसाठी खुली झाली. मार्च २०१९ मध्ये ती संत गाडगे महाराज चौकापर्यंत गेली. मार्ग जवळपास २० किलोमीटरचा, म्हणजे डिस्नेच्या मोनोरेलपेक्षा थोडाच कमी. तरी ती रखडली.

कारण पुन्हा त्याच गणितात आहे. गाड्या कमी, त्यामुळे दोन गाड्यांमधलं अंतर जास्त. दर पंधरा-वीस मिनिटांनी येणाऱ्या गाडीसाठी मुंबईचा माणूस थांबत नाही. तो शेअर टॅक्सी पकडतो किंवा चालू पडतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये दोन डब्यांना आग लागली आणि सेवा सप्टेंबर २०१८ पर्यंत बंद राहिली.

मग आला १९ ऑगस्ट २०२५. तुफान पावसानं हार्बर लाइन ठप्प झाली आणि एरवी रिकामी धावणाऱ्या मोनोरेलवर अचानक गर्दी कोसळली. प्रशासनानं नंतर सांगितलं की १०४ टन वजनाची क्षमता असलेल्या गाडीचं वजन सुमारे १०९ टनांवर गेलं होतं. वीज घेणाऱ्या यंत्रणेचा संपर्क तुटला, गाडी म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्कच्या मध्ये उंचावर थांबली. एसी बंद, दारं बंद. अग्निशमन दलानं शिड्या लावून ५८२ प्रवाशांना खाली उतरवलं. पुढच्याच महिन्यात, नव्या गाड्या आणि नवी सिग्नल यंत्रणा बसवण्यासाठी सेवा थांबवण्यात आली.

पार्कमध्ये असं सहसा का होत नाही? कारण तिथं स्टेशनवरच माणसं मोजून आत सोडतात. गाडी भरली की फाटक बंद, बाकीचे पुढच्या गाडीला. शिवाय मोनोरेल बंद पडली तर शेजारी बोट आहे, बस आहे. मुंबईत त्या संध्याकाळी उलटं झालं. बाकी सगळं बंद पडलं, म्हणून मोनोरेल भरली.

थोडक्यात, मोनोरेल वाईट नाही. पण एकट्या मोनोरेलवर विसंबणं वाईट.

रोपवे: डोंगर असेल तर उत्तम, पण एक अट

डिस्ने वर्ल्डनं सप्टेंबर २०१९ मध्ये हवेतून केबिन नेणारी यंत्रणा सुरू केली. सुमारे ३०० केबिन, एकेकीत दहा माणसं. खाली रस्ता, तलाव काहीही असलं तरी खांब उभे करून वरून जाता येतं, म्हणून खर्च मोनोरेलपेक्षा बराच कमी. पण सुरू झाल्यावर आठवड्याभरातच ती एका रात्री बंद पडली आणि लोक तासन् तास हवेत अडकून राहिले. विजा चमकायला लागल्या की ती थांबवावीही लागते.

आपल्याकडे रोपवे म्हटलं की देवस्थान आठवतं. विरारच्या जीवदानीला तेराशेहून जास्त पायऱ्या आहेत. धडधाकट माणूस देवीचं नाव घेत चढतो. पण गुडघेदुखीवाल्या आजीसाठी पायऱ्यांना रोपवेचा पर्याय मिळाला, म्हणजे दर्शनाचाच पर्याय मिळाला. नवरात्रात इथं लोटणारी गर्दी पाहिली की हा आरामाचा विषय राहत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या सप्तशृंगी गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली चालते. नाव अवघड आहे, काम सोपं. उतारावर रूळ टाकायचे, दोन डबे एकाच दोराला बांधायचे. एक खाली येतो तेव्हा त्याच्या वजनानं दुसऱ्याला वर चढायला मदत होते. विहिरीवरच्या रहाटाला दोन बादल्या बांधल्यासारखं. डबा हवेत लटकत नाही, जमिनीवरच्या रुळांवर असतो, त्यामुळे अडकलाच तर माणसं उतरवणं तुलनेनं सोपं जातं.

हवेत लटकणाऱ्या रोपवेची अट नेमकी इथंच आहे: माणसं खाली कशी आणायची, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. एप्रिल २०२२ मध्ये झारखंडमधल्या देवघरजवळ त्रिकूट डोंगरावरच्या रोपवेला अपघात झाला. पर्यटक केबिनमध्ये अडकले, हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली आणि बचावकार्य ४० तासांहून जास्त चाललं. काही जणांचा जीव गेला. म्हणून रोपवेचं उद्घाटन होताना 'किती मिनिटांत वर पोहोचतो' याइतकाच 'बंद पडला तर किती मिनिटांत खाली येतो' हाही प्रश्न विचारायला हवा.

बस: जिचा फोटो कुणी काढत नाही

एवढी मोनोरेल, बोटी आणि केबिन असूनही डिस्ने वर्ल्डचा कणा आहे साधी बस. शेकडो बस हॉटेल ते पार्क, पार्क ते पार्क अशा सतत फिरतात. कारण बसला रूळ लागत नाहीत, खांब लागत नाहीत. सकाळी गर्दी पार्ककडे असेल तर बस तिकडे वळवा, रात्री उलट वळवा. एक बिघडली तर दुसरी पुढे जाते.

हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीनं तर बसलाच सहलीचा भाग केलंय. दीड हजार एकरांहून मोठ्या या जागेत पर्यटकांना बसमधून सेट दाखवत फिरवतात. वाहतूक आणि करमणूक एकाच तिकिटात.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही हेच दिसतं. कान्हेरी लेणी मुख्य दरवाज्यापासून काही किलोमीटर आत आहेत. तिथं पर्यटकांना नेण्याचं काम बस करते. 'वनराणी' ही टॉय ट्रेन सगळ्यांची लाडकी, पण ती राइड होती. २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात रुळांचं नुकसान होऊन ती बंद पडली, तेव्हा मुलं हिरमुसली, पण लेण्यांचा रस्ता बंद झाला नाही. राइड आणि वाहतूक यांतला फरक एवढाच. राइड बंद पडली तर मजा जाते. वाहतूक बंद पडली तर माणूस अडकतो.

खरी परीक्षा संध्याकाळी

सकाळी लोक आपापल्या सवडीनं येतात. कुणी आठला, कुणी अकराला. संध्याकाळी मात्र सगळे एकदम निघतात. पार्कमध्ये शेवटची आतषबाजी संपली की, आणि अर्नाळ्यात सूर्य बुडाला की.

समजा, सहा हजार माणसांना एकाच वेळी परतायचंय. तासाला ६०० माणसं नेणारी बस असेल तर शेवटच्या माणसाचा नंबर दहा तासांनी लागेल. म्हणजे पहाटे. दर मिनिटाला एक बस सोडली, तर दोन तासांत सगळे मोकळे होतील. दिवसभर पुरेशी वाटणारी व्यवस्था त्या दोन तासांत कोलमडते. म्हणून मोठी पार्कं दुपारच्या सरासरीवर गाड्या ठरवत नाहीत, रात्रीच्या गर्दीवर ठरवतात.

थांबण्याचंही एक शास्त्र आहे. डेव्हिड मायस्टर या अभ्यासकानं १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिलेला लेख आजही वाचला जातो. त्यातलं एक निरीक्षण सगळ्यांना पटेल असं आहे: किती वेळ थांबायचंय हे माहीत नसलं की थांबणं जास्त लांब वाटतं. वीस मिनिटांनी बस येईल असं लिहिलेलं असेल तर माणूस पोराला भेळ घेऊन देतो. काहीच लिहिलेलं नसेल तर तो पाचव्या मिनिटाला चिडतो आणि मिळेल त्या रिक्षेला मागेल ते भाडं देतो.

त्यात रविवारी लोकलचा ब्लॉक असला की विरारला पोहोचूनही सुटका नाही. किनाऱ्यावरून निघालेल्या आजीला आधी रिक्षासाठी उभं राहायचं, मग प्लॅटफॉर्मवर.

मग वसई-विरारला काय कमी आहे?

यादी केली तर वाहनं सगळी आहेत. लोकल आहे, महापालिकेची बस आहे, शेअर रिक्षा आहे, दोन बाजूंना रो-रो आहे, अर्नाळ्याची बोट आहे, जीवदानीचा रोपवे आहे. डिस्नेकडे असलेल्या गोष्टींपैकी मोनोरेल सोडली तर जवळपास सगळंच.

कमी आहे ती या सगळ्यांना एकत्र बघणाऱ्या नजरेची.

थीम पार्कमध्ये पर्यटक एकच तिकीट काढतो. तो बससाठी तासभर ताटकळला, तर तो तास त्यानं आइस्क्रीम घेतलेलं नसतं, टोपी विकत घेतलेली नसते आणि पुढच्या वर्षी तो येतही नाही. मालकाला त्याच्या थांबण्याची किंमत मोजावी लागते. म्हणून मालक ते थांबणं कमी करतो.

वसई-विरारमध्ये ट्रेन एकाची, बस दुसऱ्याची, बोट तिसऱ्याची, रिक्षा चौथ्याची आणि रिसॉर्ट पाचव्याचं. प्रत्येकजण आपापलं काम करतो. पण ट्रेनमधून उतरून बसमध्ये बसेपर्यंतचा वेळ कुणाच्याच हिशोबात नाही. पर्यटकाचं थांबणं इथं कुणाचंच नुकसान करत नाही, फक्त पर्यटकाचं करतं.

आणि एका बाबतीत शहर पार्कपेक्षा अवघड आहे. पार्कमध्ये राहणारं कुणी नसतं. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती, आज ती कितीतरी वाढलीय. अर्नाळ्याची कोळीण मासळीची टोपली घेऊन, वसई गावातला शेतकरी भाजी-केळी घेऊन, नालासोपाऱ्याची नर्स ड्युटी संपवून त्याच रस्त्यावर, त्याच शेअर रिक्षेच्या रांगेत उभी असते. रविवारी पर्यटक वाढले की तिला रिक्षा मिळत नाही. तिच्यासाठी हा सहलीचा दिवस नसतो.

यावर उपाय म्हणून लगेच मोठा प्रकल्प लागतो असंही नाही. सुट्टीच्या दिवशी स्टेशन ते किनारा अशा वेगळ्या फेऱ्या, म्हणजे गावकऱ्यांच्या नेहमीच्या बसवर ताण येणार नाही. बोटीच्या वेळेला जुळणारी बस. किल्ल्यावर, किनाऱ्यावर आणि स्टेशनवर मराठीत ठळक अक्षरांत एक फलक: पुढची बस कधी, शेवटची बस कधी, शेवटची बोट कधी. शेअर रिक्षेचं ठरलेलं भाडं लिहिलेली पाटी. म्हातारी माणसं आणि लहान मुलांसाठी सावलीतला बाक.

यातली एकही गोष्ट मोनोरेलइतकी महाग नाही. आणि यातली एकही गोष्ट एकट्या बसवाल्याला किंवा एकट्या बोटवाल्याला जमणारी नाही. वेळापत्रकं जुळवायला सगळ्यांना एका टेबलावर बसावं लागतं.

जाता जाता

तोपर्यंत वसई-विरारला फिरायला जाणाऱ्यांसाठी डिस्नेच्या अनुभवातून उचलण्यासारखं बरंच आहे.

एका दिवसात एकाच दिशेची ठिकाणं निवडा. वसईचा किल्ला आणि सुरुची बाग जमतं. किल्ला, अर्नाळा आणि जीवदानी एकाच दिवशी करायला गेलात तर निम्मा दिवस रस्त्यातच जाईल.

पोहोचल्या पोहोचल्या परतीची शेवटची बस किंवा बोट कधीची, हे विचारून ठेवा. बोटीनं जाणार असाल तर भरती-ओहोटीमुळे वेळ बदलते का, तेही विचारा.

सगळे निघतात त्याच्या अर्धा तास आधी निघा, नाहीतर मग तासभर उशिरा. मधल्या वेळेत रांगेत उभं राहण्यापेक्षा वाळूत बसलेलं बरं.

सोबत आजी असेल तर आधी तिची परतीची सोय ठरवा, मग तुमची ठिकाणं. थीम पार्कच्या नियोजनाचं सगळं गणितसुद्धा शेवटी तिथंच येऊन थांबतं. सगळ्यात सावकाश चालणारं माणूस संध्याकाळी किती वाजता घरी पोहोचलं?